पाठीवरचं मलम

४ फेब्रुवारी

मायना लिहायला बसले तर पत्र तिथंच फाडावं लागेल, म्हणून मायना नाही. तुझं नाव पाकिटावर आहे, तेवढं पुरे.

रविवारी फोनवर तू जे बोललास ते आईंनी स्पीकर लावून मला ऐकवलं. "चिमणीला तुझ्याजवळ झोपव आई, हिच्याजवळ नको. आणि हिचा टॉवेल वेगळा ठेव." मी तिथंच भांडी विसळत उभी होते. काय होतंय, कुठं खाजतंय, काही औषध घेतलंस का, एका शब्दानं विचारलं नाहीस. मी हात पुसून पुढं आले तोवर फोन ठेवला गेला होता. तुझ्यामागं फोनसाठी रांग होती म्हणे. तुमच्या बोगद्याच्या कॅम्पवर टपालाची गाडी आठवड्यातून एकदाच येते. येऊ दे सावकाश, माझा राग काही नासत नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला खाज सुटते. दिवसा कामाच्या नादात निभतं, अंथरुणात शिरून अंग गरम झालं की सहन होत नाही. बारीक पुळ्या आहेत, त्या खाजवून फोडल्या की अंघोळीच्या वेळी आग आग होते. आई म्हणतात, परक्या पिठात दिवसभर हात घातल्यावर दुसरं काय होणार. मग शेजारणीला सांगताना पिठाबरोबर अस्वच्छपणाही आला. मी दोनदा अंघोळ करते हे त्यांना माहीत आहे. बंबातलं पाणी मीच संपवते म्हणून त्या रोज ओरडतात.

पावाच्या भट्टीवर मालकीण सकाळी दारातच सगळ्यांचे हात तपासते, हे तुला माहीत आहे. नखं, तळवे, मागची बाजू, मगच कणकेच्या टेबलाकडं सोडते. माझे हात ती नुसते नजरेनं बघायची. गुरुवारी तिनं माझा हात दिव्याखाली धरला आणि बोटं फाकवायला लावली. मग म्हणाली, बरं वाटलं की ये, तोवर टेबलाला हात लावू नकोस. वाईट नव्हती बोलली. पण मागं सगळ्याजणी उभ्या होत्या, आणि जिच्याबरोबर मी रोज डबा खाते तिनं आपली पिशवी माझ्या पिशवीपासून लांब सरकवली.

तेही गिळलं असतं. पण चिमणीचं कसं गिळू? तिची गादी आता आईंच्या खोलीत आहे. तुझं ते तपकिरी कॅम्पचं पांघरूण, सुट्टीला आलास तेव्हा विसरून गेलास ना, ते आईंनी स्वतःकडं घेतलंय. पोराचा वास येतो म्हणतात. दोघी त्याच्यातच झोपतात. काल चिमणी वेणी घालून घ्यायला माझ्याकडं आली. कंगवा माझ्या हातात देणार, तेवढ्यात तिला आठवलं. तिनं कंगवा टेबलावर ठेवला, मागं सरकली आणि म्हणाली, "तू घे. मी इथं उभी राहते." तिथून वेणी कशी घालायची ते तिला कळेना, मलाही कळेना. शेवटी आईंनी घातली, तीही तिरपी.

सहा वर्षांच्या पोरीला आपल्या आईपासून हातभर लांब उभं राहायला तू फोनवरून शिकवलंस. हे मला विसरता येणार नाही आणि मी तुला विसरू देणार नाही.

१३ फेब्रुवारी

तुझं उत्तर मिळालं. चांगल्या साबणानं अंघोळ कर, काळजी घे, आईचं ऐक. चार ओळींत माझा निकाल लावलास. बाकीचं पान कोरं होतं, त्यावर चिमणीनं मांजर काढलंय.

साबण तुझं पत्र यायच्या आधीच बदलला होता. खालच्या शिंपीणबाईंनी सांगितलेला पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ केली, त्यानं पाठ हिरवी झाली आणि खाज तशीच राहिली. मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडं गेले. त्यानं माझी बाही वर करायलाही सांगितलं नाही. काउंटरपलीकडूनच म्हणाला, नायटा असेल, ही ट्यूब लावा, सगळे हीच नेतात. सगळे हीच नेतात म्हणजे सगळ्यांना एकच रोग आहे का, हे विचारायला हवं होतं. लावली. तीन-चार दिवस इतकं छान वाटलं की मी भट्टीवर जायचे कपडे इस्त्री करून ठेवले. मग जी खाज उलटली, ती दुप्पट. पुळ्या कोपरापर्यंत चढल्या.

आणि आता चिमणीलाही झालंय. पोटावर, बेंबीभोवती. आई मला म्हणाल्या, "लावलंसच शेवटी पोरीला." मी म्हटलं, आई, मी तिला शिवतसुद्धा नाही, तुमच्याजवळ झोपते ती. तर म्हणाल्या, तिचे कपडे तूच धुतेस ना. यांना कोर्टात वकील म्हणून उभं करायला हवं होतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी गत झालीय माझी. फरक इतकाच की रेडा कोण ते मला अजून कळलेलं नाही.

चिमणीचं पोट बघितल्यावर मी ठरवलं, आता खरा त्वचेचा डॉक्टरच बघायचा. तुला वाटेल डॉक्टर शोधायचा त्यात काय. मोठ्या रस्त्यावर काचेचा दवाखाना आहे, बाहेर एका बाईचा दोन पुरुष उंचीचा गाल लावलाय. आत अत्तराचा वास. टेबलावरच्या मुलीनं मला तीन पॅकेजं सांगितली. डाग घालवायचं, चेहरा उजळायचं आणि केस काढायचं. मी म्हटलं, मला खाज सुटते. ती म्हणाली, खाजेचं पॅकेज नाही. मग सरकारी दवाखान्यात गेले. तिथं त्वचेचे डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. मंगळवारी अर्धा दिवस बाकावर बसल्यावर कळलं, त्यांची बदली झालीय आणि नवे अजून आलेले नाहीत. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे होते, पायाला इसब, घोट्यापर्यंत कातडी सोललेली. ते तिसऱ्या मंगळवारी आले होते. तेही त्याच औषधवाल्याची तीच ट्यूब लावत होते.

शेवटी मालकिणीनंच निरोप पाठवला. भट्टीच्या मागच्या बोळात सायकलवाल्याच्या दुकानाच्या माडीवर एक डॉक्टरबाई बसतात, त्वचेच्याच, शिकून आलेल्या. त्या जिन्याखालून मी रोज पावाची टोपली घेऊन जायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा. पाटीवर गाल नाही, केस नाहीत, नुसतं नाव, डिग्री आणि त्वचारोगतज्ज्ञ एवढंच, म्हणून कधी दिसली नाही.

फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, घरात कोण कोण आहे, आणि सगळ्यांना घेऊन या म्हणाल्या. आई म्हणाल्या, मला काय धाड भरलीय. पण येणार आहेत. माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला.

१७ फेब्रुवारी

जाऊन आलो. 

खोली एवढीशी. खालून सायकलवाल्याच्या हातोडीचा आवाज येत होता. डॉक्टरबाई वयानं आईंच्याच बरोबरीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी माझी ट्यूब हातात घेतली, वाचली आणि कचऱ्यात टाकली. म्हणाल्या, यानं खाज दबते आणि रोग वाढतो, वर लक्षणं बदलतात म्हणून आम्हालाही ओळखायला उशीर होतो. मग दिवा ओढून भिंगातून माझ्या बोटांच्या बेचक्या बघितल्या. मलाही दाखवलं. कातडीत एक बारीकशी वाकडी रेघ होती, आणि तिच्या टोकाला टाचणीच्या टोकाहून लहान ठिपका.

"खरूज आहे," त्या म्हणाल्या.

आई खुर्चीतून उठल्या. आमच्या घरात? असलं काही आमच्याकडं कधी झालं नाही, अमुक नाही, तमुक नाही. डॉक्टरबाई त्यांच्याकडं न बघता हात धूत म्हणाल्या, की ती घर बघून येत नाही. किडा आहे, कातडीत घर करतो, अंगाला अंग लागलं की पसरतो, थोडासा पांघरुणातूनही. दिवसातून चार वेळा अंघोळ करणाऱ्यालाही होतो आणि अंघोळीनं जात नाही. पीठबीठ काही नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या की पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायलाच महिना-दीड महिना लागतो, म्हणजे आत्ताचं सोडा, त्या वेळचं आठवा. घरी कोणी राहायला आलं होतं का?

मी मनात महिने मागं मोजत होते. तेवढ्यात चिमणी म्हणाली, "बाबा आले होते. बाबांचा बिछाना कधी थंडच होत नाही."

तुझाच विनोद. डिसेंबरात सुट्टीला आलास तेव्हा जेवताना तू सगळ्यांना हसवत होतास. कॅम्पवर दोन पाळ्यांना मिळून एक खाट, मी उठलो की दुसरा आडवा, गादी थंड व्हायला वेळच नाही. चिमणी किती हसली होती. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला ते नीट विचारलं आणि मी सांगितलं. "आणि पांघरूण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेही एकच. आणि ते आता आमच्या घरी आहे.

मग त्या आईंकडं वळल्या. आई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या आणि दोन्ही हात पिशवीखाली. मला वाटलं होतं थंडी वाजत असेल.

"आजी, हात बघू."

"मला काही नाही."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

हात बाहेर आले. बेचक्यांत पांढरी पावडर थापलेली. डॉक्टरबाईंनी ओल्या कापसानं ती पुसली, आणि खाली माझ्यासारखंच, माझ्यापेक्षा जुनं, खपल्या धरलेलं. म्हणजे त्या माझ्याआधीपासून खाजवत होत्या. बंद दारामागं. आणि बाहेर येऊन मला सांगत होत्या की पोरीला लावशील.

 मग आई जमिनीकडं बघत म्हणाल्या, "त्याच्या मनगटावर पण होतं. आला तेव्हाच होतं. मी तेल चोळून दिलं होतं."

तेव्हा आता पुढचं तू सांग. तुला माहीत होतं का? एवढा एकच प्रश्न आहे. रविवारी फोन मी उचलणार आहे.

२४ फेब्रुवारी

मी उचलला. आणि तू हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलंस. अगं हो, इथं सगळ्यांनाच झालं होतं, जानेवारीत डॉक्टर आला, रांगेत उभं करून मलम वाटलं, आता एकदम ठीक आहे.

म्हणजे जानेवारीत तुला रोगाचं नाव कळलं होतं. आईचा हात तुझ्या मनगटावरून फिरलाय, मी तुझ्याजवळ झोपलेय, चिमणी सुट्टीभर तुझ्या पोटावर चढून बसलेली, हे सगळं तुला माहीत होतं. एक फोन करायचा होता, बाबांनो, मला खरूज झालीय, तुम्हीही औषध लावा. एवढंच. तू बरा झालास आणि गप्प बसलास. फेब्रुवारीत आईंनी तक्रार केली, तेव्हा तर तुला अगदी पक्कं कळलं असणार काय झालंय आणि कुठून आलंय. तेव्हा तू काय सांगितलंस? हिचा टॉवेल वेगळा ठेव.

मी विचारलं असं का केलंस, तर आवाज खाली करून म्हणालास, "मागं माणसं उभी आहेत." कोणती माणसं? तीच ना, जी तुझ्याबरोबर मलमाच्या रांगेत उभी होती? अरे, साऱ्या जगात ज्यांच्यासमोर तुला लाजायचं काहीच कारण नाही, अशी तेवढीच माणसं आहेत. त्यांची तुला लाज वाटते, आईची वाटते. माझी नाही वाटली. मालकिणीनं दिव्याखाली माझी बोटं फाकवली तेव्हा मी कोणामागं लपू?

चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतात, पण त्यात चोर निदान पळून गेलेला असतो. इथं चोरच न्यायाधीश होऊन बसला.

माफीचं पत्र पाठवू नकोस. पत्र गुपचूप लिहिता येतं. येत्या रविवारी फोन कर, मी स्पीकर लावीन, आई समोर असतील. मागं माणसं असू देत. तिथंच सांग, खरूज होती आणि ती मी आणली. सात शब्दसुद्धा होत नाहीत.

१० मार्च

त्या रविवारी तुझा फोन आला नाही. परवाच्या रविवारी आला, आणि तू म्हणालास, जे झालं ते झालं, आता कशाला उगाळायचं. उगाळायला मी काय चंदन घेऊन बसलेय? आईंनी तुझं बोलणं पुरतं ऐकलं आणि फोन बंद केला. मी नाही केला. त्यांनी केला.

इथलं सांगते. डॉक्टरबाईंची अट होती की घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं, खाज असो वा नसो, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, आणि सकाळी धुवायचं. आठवड्यानं पुन्हा. एक जण राहिला तर सगळं वाया. चादरी, टॉवेल, कपडे आम्ही उकळले. तुझं पांघरूण पिंपात मावेना, ते पिशवीत घट्ट बांधून गच्चीवर टाकलं. अजून तिथंच आहे.

संध्याकाळी मी चिमणीला लावलं. तिला गुदगुल्या झाल्या. किती दिवसांनी मी तिच्या अंगाला हात लावत होते, तिला ते आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती माझ्याकडं बघत राहिली. तो चेहरा तुला बघायला मिळाला नाही ही तुझ्यावर मेहेरबानी झाली.

आई त्यांच्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं. खांद्यावर शाल, हातात मलम. "पाठीला हात पोचत नाही," म्हणाल्या. मी त्यांना थोडा वेळ तसंच उभं ठेवलं. मला त्यात बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांना खुर्चीवर बसवलं. पाठभर लांब लांब ओरखडे होते. वाढायच्या डावाच्या दांड्यानं खाजवायच्या म्हणे. मी मलम लावत असताना त्या म्हणाल्या, तो लाजला असेल गं. मी म्हटलं, आणि मी?  उठताना त्यांनी मलम माझ्या हातातून घेतलं, मला पाठ करायला सांगितलं, आणि माझ्या पाठीला त्यांनी लावलं. हात जडच आहे त्यांचा.

दुसरी खेप झाल्यावर डॉक्टरबाईंनी मला कामावर जायला परवानगी दिली. मी दारात हात पुढं करून उभी होते, मालकीण बोटं बघत होती, तर मागून आई आल्या. मला न सांगता. सगळ्याजणींच्या देखत त्यांनी आपलेही हात दिव्याखाली धरले आणि म्हणाल्या, "माझेही बघून घ्या. आमच्याकडं खरूज माझ्या मुलानं आणली. हिनं नाही." मग पाव घेतला आणि कालच्यासारखा मऊ नाही म्हणून कुरकुर करत गेल्या. मी कणीक मळायला घेतली आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

माझं आईंशी सगळं मिटलं असं समजू नकोस. त्या पावडरीचं मी विसरलेले नाही. पण जे तुला जमलं नाही ते त्या म्हाताऱ्या बाईला जमलं, चार लोकांत.

चिमणी पुन्हा माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपते. अजून मधेच खाजवते, मीही. डॉक्टरबाई म्हणाल्या, किडा मेला तरी खाज काही आठवडे राहते, घाबरू नका. मी घाबरत नाही.

तू पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोयस. ये. घर तुझंही आहे. येताना पांघरूण आणू नकोस. तू म्हणशील मी बरा झालोय. पण खाट अजून तीच आहे ना, दोघांत एक? मग डॉक्टरबाई म्हणाल्या तसं, पुन्हा झालंच असेल असं धरून चालायचं. मोरीतल्या फळीवर तुझं मलम ठेवलंय. आल्या आल्या अंघोळ करायची, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. पाठीला तुझाही हात पोचणार नाही. तेव्हा आतून हाक मारावी लागेल, मोठ्यानं, आईंना आणि चिमणीला ऐकू जाईल अशी, आणि हाक कशासाठी ते सांगून. मी येईन की नाही ते हाक ऐकून ठरवीन.

तोवर चिमणी माझ्याजवळ झोपेल. आणि तुझा टॉवेल मी वेगळा ठेवलाय.